वरणाचं पाणी नको, वरण द्या

नव्या अंगणवाडी ताई, रजिस्टर हळूहळू येईल. आधी घरोघरची ताटं बघायला शिका. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. त्यानंतर बहुतेक घरी वरणाचं पाणी पाजतात. त्यानं पोट भरतं, बाळाच्या अंगी काही लागत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, कुस्करलेला वरणभात सांगा, वर तूप. वर्षाआधी मध नको, आजी कितीही रुसल्या तरी.

पाळी सुरू झालेल्या मुलींना लोह जास्त लागतं. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, तुमच्यासमोरच. लगेच चहा नको, भाजीवर लिंबू पिळायला सांगा. गरोदर बाईची लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस.

दात गेलेल्या आजोबांचं चहा-बिस्किटावर भागवतात. तिथे मऊ उसळ, अंडं सुचवा.