रात्री दोनला ड्रॉइंग तपासणारी इंजिनिअर

‘माझ्या डिझाइनमुळे एखादा पेशंट दगावला तर?’ वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांतली तरुण मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी हा प्रश्न घेऊन येतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

ती मेकॅनिकलची. आधी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांवर काम करायची, आता सिरिंज पंपाच्या, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या संथ वेगाने देणाऱ्या यंत्राच्या डिझाइनवर. रात्री उठून लॅपटॉप उघडायची आणि तेच टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पुन्हा मोजायची. घरचे म्हणत, ‘काही होत नाही गं.’ असल्या धिराने भीती तासभर झोपते, इतकंच.

“नेमकं काय होईल असं वाटतं?” मी विचारलं. बराच वेळ आडवळणं घेऊन मग म्हणाली, “मॅडम, नळी दुमडली की पंपाने अलार्म द्यायचा असतो. पण तासाला १ मिलिलिटर अशा संथ वेगावर दाब वाढायलाच वेळ लागतो, म्हणून अलार्म उशिरा वाजतो. नवजात बाळांना एवढंच औषध जातं. अलार्म लवकर वाजेल असा लावला, तर तो उगाचच वाजत राहतो आणि नर्स दुर्लक्ष करायला लागतात.”

डिझाइन रिव्ह्यूत यावर ठरलं होतं, मॅन्युअलमध्ये सूचना टाकू. जोखीम व्यवस्थापनाचं आयएसओ १४९७१ हे मानक मात्र सांगतं: आधी डिझाइनच सुरक्षित करा, मग संरक्षक उपाय, सूचना सगळ्यात शेवटी. हे तिला पाठ होतं. साहेबांना लाँचची घाई, म्हणून गप्प बसली होती.

म्हणजे भीतीचा एक भाग हा न मांडलेला मुद्दा होता. तिला शांत करत बसणं चूकच ठरलं असतं. चाचणीचे आकडे जोडून तो लेखी द्यायचा, रिस्क फाइलमध्ये, म्हणजे उपकरणाच्या जोखमींच्या दप्तरात, नोंद होईल असा, हे ठरलं.

उरलेलं मात्र गॅस बंद केला ना, हे बघायला उठण्यासारखं. बघितलं की क्षणभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा बघायचं. त्यासाठी तपासणी ऑफिसातच, एकदा. नंतर सहकाऱ्याची नजर. रात्री लॅपटॉप आईच्या कपाटात. धाकधूक झाली तर तिला ओसरू द्यायचं, उठायचं नाही. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, रडली. (झोप, भूक पार उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, तिच्यावर ती वेळ आली नाही.)

साहेब वैतागले, पण संथ वेगाची वेगळी चाचणी लावावी लागली आणि लाँच पुढे गेलं. ती अजून अधूनमधून येते. हल्ली विषय बहुतेक साहेबांच्या स्वभावाचा असतो.