अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर, म्हणजे डोंगरांतल्या त्या लांबलचक पायवाटेवर, नवरा-बायकोने मिळून चालायचं तर दिवस कसा जातो? दिवसभर एकमेकांचा कंटाळा येत नाही का? आणि त्यात रोमँटिक काय असतं?

कंटाळा यायला आधी दिवसभर सोबत असावं लागतं. आम्ही नसतो. सकाळी निघताना एकत्र, संध्याकाळी मुक्कामाला एकत्र. मधला बराचसा वेळ नवरा पुढे आणि मी मागे, कधी दहा मिनिटांच्या तर कधी अर्ध्या तासाच्या अंतराने. त्याचे पाय लांब आहेत आणि मला वाटेत थांबून झाडंझुडपं बघायची खोड आहे. दोघांनी एकमेकांच्या चालीने चालायचा प्रयत्न केला की त्याच्या गुडघ्याला त्रास आणि माझ्या डोक्याला.

अख्खा ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत सुमारे 3,500 किलोमीटर, 14 राज्यांतून जातो. तो एका दमात चालणारे पाच-सहा-सात महिने त्यावरच असतात. आम्ही त्यातले नाही. नोकरीतून सुट्टी मिळेल तशी, तुकड्यातुकड्याने चालणारे. इथे अशांना सेक्शन हायकर म्हणतात. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कमधून ट्रेलचे सुमारे 160 किलोमीटर जातात आणि ती वाट आमच्या पायाखालची आहे. म्हणून तिथलाच एक दिवस सांगते: बेअरफेन्स माउंटन हट ते रॉक स्प्रिंग हट, साधारण 18 किलोमीटर.

हट म्हणजे तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उघडी, आत लाकडी फळ्या. रात्री दहा अनोळखी माणसं ओळीने झोपलेली असतात, त्यामुळे पहाटे सामान भरताना नवरा-बायकोने काय बोलायचं ते कुजबुजत. वाद घालायला हा सगळ्यात वाईट तास. आमच्यात नवरा गाठोडं बांधतो आणि मी न्याहारी बघते: भाजलेले पातळ पोहे, मेतकूट, दूध पावडर, वरून गरम पाणी. गॅस वाचतो, भांडं घासावं लागत नाही. सातूचं पीठ आणि गूळ असेल तर पाणीही तापवायला नको. डाळ-तांदळाच्या खिचडीचा मोह बहुतेक मराठी माणसांना होतो, पण कच्ची डाळ शिजेपर्यंत गॅसची छोटी टाकी निम्मी संपते. शिजवून वाळवलेली न्या.

मग चालायला लागायचं. वाट चुकायची भीती फारशी नाही, कारण झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. निळा पट्टा दिसला तर ती फुटलेली वाट, पाण्याकडे, हटकडे किंवा कड्याकडे जाणारी. पांढरा दिसतोय तोवर बरोबर आहात. तरी आमचा नियम असा की पाणी, फाटा आणि रस्ता या तीन ठिकाणी पुढच्याने थांबायचंच. मागचा येईपर्यंत हलायचं नाही, कितीही डास चावले तरी. मोबाइलला रेंज कुठे असते, कुठे नसते, त्यामुळे 'फोन करते' या भरवशावर राहू नका. दोघांच्या गळ्यात शिट्टी असू द्या. तीन वेळा फुंकली की मदत हवी, हे सगळीकडे समजतं.

याच कारणाने ओझ्याची वाटणी जपून करायची. तंबूचं कापड एकाकडे आणि काठ्या दुसऱ्याकडे, असा सल्ला जोडप्यांना हमखास मिळतो. वजन सारखं होतं, पण चुकामूक झाली की दोघंही उघड्यावर. आमच्याकडे तंबू पूर्ण त्याच्या पाठीवर. माझ्याकडे स्टोव्ह, जेवण आणि पावसात अंगावर घेता येईल अशी ताडपत्री. पाण्याचा फिल्टर माझ्याकडे आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या त्याच्याकडे. झोपायची पिशवी, गरम कपडे, दिवा आणि नकाशा ज्याचा त्याच्याकडे. एकाला एकट्याने रात्र काढावी लागली तर ती निभावली पाहिजे, एवढंच बघायचं. किलोचा हिशेब नंतर.

मिलम गॅपनंतर टॅनर्स रिजवर वाटेलगत एक लहानसं कब्रस्तान लागतं. हे पार्क 1935 साली झालं आणि त्यासाठी या डोंगरांतली शेकडो कुटुंबं उठवली गेली. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी तिथून पटकन पुढे जाऊ शकत नाही. नवरा मात्र तोपर्यंत बिग मेडोजला पोचलेला असतो. तिथे खायला-प्यायला मिळतं आणि ब्लॅकबेरीचा मिल्कशेक मिळतो. ट्रेल सोडून थोडं चालावं लागतं, जरूर चाला.

एक गोष्ट इथे आठवते. 1955 साली एमा गेटवुड नावाच्या 67 वर्षांच्या बाई हा सगळा ट्रेल एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई. नवरा मारझोड करायचा, त्याच्यापासून घटस्फोट घेतलेला. पाठीवर घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. जोडीने जायचं का एकटीने, हा प्रश्न कुणी विचारला की मी हे नाव सांगते. सोबत चांगली असेल तरच सोबत.

दुपारनंतरचा टप्पा चढ-उताराचा. रॉक स्प्रिंगच्या जवळचं हॉक्सबिल हे पार्कमधलं सगळ्यात उंच शिखर 1,235 मीटरचं, म्हणजे कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने कमी. तेव्हा उंचीचा बाऊ नको. दमवतात ते पायाखालचे दगड, आणि तेही चार वाजता, पोट रिकामं असताना. आमची भांडणं बघितली तर सगळी याच वेळेची. विषय ठरलेले: इथेच थांबायचं की पुढे, आणि 'तू म्हणाला होतास की आता उतार आहे'. उपाय एकच सापडलाय. साडेतीनला भूक असो वा नसो, बसून शेंगदाण्याचा लाडू खायचा, मग बोलायचं. हे लाडू नवऱ्याने हटमधल्या लोकांना इतके वाटले की त्याचं ट्रेलवरचं नावच 'पीनट' पडलं. इथे खरी नावं कुणी विचारत नाही, असली टोपणनावंच चालतात.

मुक्कामाला दोन कामं अशी आहेत की दुसरं माणूस लागतंच. पहिलं, जेवणाची पिशवी टांगणं. इथे काळी अस्वलं आहेत, म्हणून हटजवळ उंच लोखंडी खांब असतो, माथ्याला हूक. पिशवी वर न्यायला एक लांब लोखंडी दांडा, टोकाला बेचकं. त्या बेचक्यात पिशवीचा बंद अडकवायचा, दांडा डोक्यावर उभा धरायचा आणि डोलणारी पिशवी हुकात घालायची. दांडा स्वतःच जड. तो उचलतो, मी लांब उभी राहून 'डावीकडे, अजून, गेलास पुढे, आता सोड' करते. तिसऱ्या खेपेला अडकते. टूथपेस्ट, साबण, लिप बामसुद्धा त्याच पिशवीत. अस्वलाला वास कळतो, वस्तू खायची आहे की नाही ते ते नंतर बघतं.

दुसरं काम गोचीड शोधणं. लाइम रोग पसरवणारी लहान वयाची गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. काखेत, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली, केसांच्या मुळाशी, कानामागे दिव्याच्या उजेडात बघायचं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची. पिळायची नाही, तेल-काडीचे प्रयोग नकोत. 24 तासांच्या आत काढली तर धोका बराच कमी होतो. तरी पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगायचं. एकटा माणूस स्वतःची पाठ कशी बघणार? रोमँटिक काय असतं ते विचारलं होतंत ना, ते हे.

आठच्या सुमाराला सगळी हट झोपते.

तुम्ही दोघं पहिल्यांदाच जाणार असाल तर शेनँडोआच घ्या, कारण स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता ट्रेलला पुन्हापुन्हा छेदतो आणि कुणाला झेपलं नाही तर बाहेर पडता येतं. मुक्कामाचा परवाना आधी काढावा लागतो. मे महिना किंवा सप्टेंबरचा शेवट चांगला. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला गर्दी उसळते. उन्हाळा सरताना काही झरे आटतात, म्हणून निघण्याआधी पाण्याची चौकशी करा. पहिल्या दिवशी 12-13 किलोमीटरच्या वर जाऊ नका, आणि ते किती हे घरूनच ठरवून निघा, चार वाजता वाटेत नको.