एवढ्या मोठ्या विद्यापीठात मला कोण ओळखणार?

मी विद्यापीठात समुपदेशक आहे. अ‍ॅडमिशनचे दिवस आले की माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. 'एवढ्या मोठ्या विद्यापीठात माझा निभाव लागेल का? तिथे मला कोण ओळखणार?' अभ्यासक्रम, फी, पुढच्या नोकऱ्या, सगळ्याची चौकशी आधी होते आणि हे मात्र निघता निघता, दाराशी उभं राहून विचारलं जातं. पालक सोबत असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर हीच काळजी मुलापेक्षा जास्त दिसते. अशा वेळी मी बहुधा एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो आला तेव्हा पहिलं सत्र निम्मं सरलं होतं. विद्यापीठ सोडण्याचा अर्ज भरूनच आणला होता. "मॅडम, यावर तुमची सही लागते असं ऑफिसात म्हणाले." खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने कागद पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'वैयक्तिक'.

"सहीचं नंतर बघू," मी म्हटलं. "कालचा दिवस सांग. सकाळी उठल्यापासून."

त्याला हे विचित्र वाटलं असावं, पण सांगू लागला. उठला तेव्हा खोलीतला दुसरा मुलगा निघून गेला होता. पहिलं लेक्चर तीनशे मुलांच्या सभागृहात. हा नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. दुसरं लेक्चर कॅम्पसच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे पंधरा मिनिटं भराभर चालणं, त्यात कुणाशी बोलणार? मग दोन तास मोकळे, ते खोलीवर जाऊन पडून काढले. मेसमध्ये कानात हेडफोन. संध्याकाळी घरी फोन करून 'सगळं मस्त चाललंय' असं सांगितलं.

"काल दिवसभरात तुझं नाव कुणी घेतलं?"

बराच वेळ आठवत बसला. मग म्हणाला, "आईने. फोनवर."

ज्या मुलाला शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे नावाने हाक मारत, त्याचा हा दिवस होता. त्यात पहिल्या चाचणीत शंभरात ४२ मार्क पडलेले. शाळेत कायम पहिला आलेल्या पोराने त्यातून जो अर्थ काढायचा तोच काढला होता: आपण इथले नाहीच, चुकून आत आलोय.

हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८४ पासून या गोष्टीवर बरंच काम केलं आहे. कुवत तेवढीच असलेली दोन मुलं घ्या. एक साधारण मुलांच्या शाळेत आणि दुसरं निवडक हुशार मुलांच्या शाळेत असेल, तर या दुसऱ्याला आपण अभ्यासात कमी आहोत असं वाटण्याची शक्यता जास्त. आपण स्वतःला जोखतो ते शेजारच्याकडे बघून. मोठ्या विद्यापीठात तर जागोजागचे पहिले नंबर एकाच वर्गात येऊन बसतात, आणि त्यातल्या निम्म्यांना निकालाच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपण मधल्या फळीतले आहोत. मी त्याला वर्गाची सरासरी विचारली. माहीत नव्हती. विभागाच्या नोटीस बोर्डावर ती आठवडाभर लावलेली होती: ३८.

त्याला ती कुणी सांगितली नव्हती आणि कुणी सांगणारही नव्हतं. प्रवेश घेण्याआधी मुलांनी समजून घ्यायची खरी गोष्ट मला हीच वाटते. शाळेत दोन दिवस गैरहजर राहिलं की बाई विचारतात, घरी निरोप जातो. मोठ्या विद्यापीठात तुम्ही महिनाभर लेक्चरला गेला नाहीत तरी परीक्षा येईपर्यंत कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. मुलं याला बेपर्वाई समजतात. पण मदत तिथे असते, बहुतेक वेळा लहान संस्थेपेक्षा जास्तच असते: प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा, जादा शिकवणीचे तास, आरोग्य केंद्र, शिष्यवृत्ती कक्ष, आमच्यासारखे समुपदेशक. फक्त यातलं कुणीही उठून तुमच्या खोलीवर येत नाही. भेटीच्या वेळेत एकटेच बसून पेपर तपासणारे कितीतरी प्राध्यापक मला माहीत आहेत. बाहेर मुलं म्हणत असतात, सरांना वेळच नसतो.

याला सरांकडे जा म्हटलं तर, "काय विचारू? मला काहीच येत नाही."

'काहीच येत नाही' याला कुठल्याही शिक्षकाकडे उत्तर नसतं. म्हणून आम्ही त्याची वही उघडून बसलो. गणितं माझ्या डोक्यावरून जाणारी होती, पण तो नेमका कुठे थांबतो हे पानावर दिसत होतं. तिसऱ्या उदाहरणात दुसऱ्या ओळीनंतर खाडाखोडच खाडाखोड. तेवढंच विचारायचं ठरलं: 'इथून पुढे कसं जायचं?' सोबत नाव आणि रोल नंबर सांगायचा. तो गेला, दहा मिनिटांत काम झालं, सरांनी आणखी एक उदाहरण घालून दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला तर सर नाव विसरले होते. हे त्याने मला बऱ्यापैकी रागाने सांगितलं. तीनशेतला एक, विसरणारच की! पुन्हा सांग, म्हटलं. तिसऱ्या वेळी सरांनीच नावाने हाक मारली.

अर्जाबद्दल एवढंच ठरलं की सत्र संपेपर्यंत तो बाजूला ठेवायचा. सोडायचंच असेल तर परीक्षा देऊन सोड, मिळालेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुणांक, बऱ्याचदा दुसरीकडेही धरली जातात. हा निव्वळ व्यवहार होता. पण सुटायचा रस्ता उघडा आहे म्हटल्यावर त्याचे खांदे जरा सैल झाले.

मित्रांचं प्रकरण जास्त अवघड होतं. "सगळ्यांचे ग्रुप झालेत मॅडम. आता कोण घेणार मला?" ही तक्रार मी दुसऱ्या महिन्यात जितक्या मुलांकडून ऐकते ते पाहता, ते 'सगळे' नेमके कोण असा मलाच प्रश्न पडतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ मधला एक अभ्यास मी त्याला सांगितला. नुसत्या ओळखीची साधारण मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगली मैत्री व्हायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. लेक्चरला शेजारी गप्प बसलेले तास यात फारसे उपयोगाचे नाहीत. गप्पा, मस्ती, सोबत भटकणं लागतं. आठवड्याला दोन तास धरले तर पन्नासला सहा महिने लागतील. दीड महिन्यात मित्र झाले नाहीत म्हणून आपल्यात खोट आहे, हा त्याचा हिशेबच चुकीचा होता.

पहिल्या आठवड्यातल्या मेळाव्यात या पठ्ठ्याने सात क्लबांत नाव नोंदवलं होतं, आणि गेला एकातही नव्हता. सहा नावं खोडली. आकाशदर्शनाचा गट ठेवला, कारण तो दर आठवड्याला ठरल्या वारी भेटत होता आणि दुर्बीण उचलायला माणसं कमी पडत होती. दुर्बीण हा भाग महत्त्वाचा. लाजाळू मुलाला 'जाऊन मिसळ' म्हणण्यात काही अर्थ नसतो. हाताला काम असलं की तोंड आपोआप उघडतं.

दुसरा बदल बसण्याच्या जागेचा. शेवटची रांग सोडून तिसऱ्या रांगेत डावीकडे, रोज त्याच जागी. सभागृह तीनशेचं असलं तरी आजूबाजूची आठ-दहा डोकी रोज तीच असतात. तिसरा, हॉस्टेलमध्ये खोलीत कोंडून न वाचता मजल्यावरच्या सामाईक अभ्यासिकेत वाचायचं, जिन्याजवळच्या टेबलावर. यामागेही जुना अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री जुळते ते पाहिलं होतं, १९५० साली ते प्रसिद्ध झालं. शेजारी राहणाऱ्यांची मैत्री होते हे अपेक्षितच होतं; पण जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या होत्या. स्वभावापेक्षा येण्याजाण्याच्या वाटेने बरंच काम केलं होतं.

मोकळ्या दोन तासांचंही काहीतरी करायला हवं होतं. वेळापत्रक विरळ दिसतं म्हणून नवी मुलं खूश होतात आणि तिथेच फसतात. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तासांचं काम. त्यात लेक्चरचा वाटा बराच लहान, उरलेलं आपलं आपण करायचं असतं. इतरत्र आकडे वेगळे असतील, पण मेख तीच. तो दोन लेक्चरांच्या मध्ये वाचनालयात बसू लागला. त्यामुळे रात्री मोकळ्या झाल्या आणि झोप सुधारली.

आणखी एक गोष्ट केली. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला, तिची तयारी विचारून, त्याच्याशी गाठ घालून दिली. तीही पहिल्या सत्रात बॅग भरून बसली होती. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २०११ मधला प्रयोग माझ्या डोक्यात होता. नव्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग सरलं. तासाभराचा हा उपक्रम, पण त्यात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या तीन वर्षांत सुधारलेले दिसले. आपल्यासारखे लोक इथे नसतातच, अशी धास्ती ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनाच या उपक्रमाचा उपयोग झाला. आमच्या मुलाला तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दोघे तासभर बोलत होते एवढं माहीत आहे.

तो राहिला. एका विषयात नापास झाला, तो पुढच्या सत्रात सुटला. मित्र दोन, दोन्ही दुर्बिणीवाले. विद्यापीठाला तो अजून 'कारखाना' म्हणतो आणि परीक्षा विभागाच्या रांगेबद्दल त्याची मतं इथे लिहिण्याजोगी नाहीत. पण दुसऱ्या वर्षी त्याने मुख्य विषय बदलून भूभौतिकी, म्हणजे पृथ्वीचा भौतिकशास्त्राच्या अंगाने अभ्यास, हा विषय घेतला. हा विषय अस्तित्वात आहे हेच त्याला शाळेत असताना ठाऊक नव्हतं, आणि लहान कॉलेजात तो मिळालाही नसता. मोठेपणाचा फायदा हा असा उशिरा कळतो. माझ्याकडे आलेल्या आणखी एका मुलीला तर अनोळखी असण्यातच सुख सापडलं होतं. 'पहिल्यांदाच कुणाला माझं मागचं काही माहीत नाही' असं ती म्हणाली होती.

प्रत्येकाचं असं निभावतं असं नाही. उदासी जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक उडाली, कशातच मन लागेना, तर क्लब आणि रांग बदलून भागणार नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवायला हवं. जीव नकोसा वाटतो असं मनात आलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

आता प्रवेशाआधीचं. माहितीपुस्तिकेत 'वर्गाची सरासरी संख्या' छापलेली असते, तिच्यावर जाऊ नका. समजा एका विभागात एक वर्ग ३०० चा आणि नऊ वर्ग २० चे आहेत. सरासरी येते ४८, छापायला छान. पण एकूण ४८० जागांपैकी ३०० त्या एकाच वर्गात आहेत, आणि तो बहुधा पहिल्या वर्षाचाच असतो. तेव्हा थेट विचारा: पहिल्या वर्षाला एका वर्गात किती मुलं? ट्युटोरियलच्या गटात किती, आणि तो गट घेतं कोण? पहिल्या वर्षी हॉस्टेल नक्की मिळतं का? वर्षानंतर विषय बदलता येतो का? समुपदेशकाची वेळ मागितली तर किती दिवसांनी मिळते? हा शेवटचा प्रश्न विचारायला पालक लाजतात. लाजू नका.

पालकांनी आणखी एक करावं. फोनवर 'मित्र झाले का?' असं रोज विचारू नये; त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. 'आज कुणाशी बोललास?' विचारलं तर निदान एखादं नाव ऐकू येतं, किंवा येत नाही, आणि दोन्हीतून काहीतरी कळतं.

आणि जमलं तर विद्यापीठ बघायला साध्या कामाच्या दिवशी जा, स्वागत समारंभाच्या दिवशी नको. माहिती द्यायला नेमलेल्या मुलांना सोडून लेक्चरमधून बाहेर पडणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पाच-सहा जणांना गाठा आणि विचारा, 'शेवटचं अडलं होतं तेव्हा कुणाकडे गेलात?' कुणी सरांचं नाव घेईल, कुणी सीनियरचं, कुणी ग्रंथपालांचं. पाच-सहाही जण 'कुणाकडेच नाही' म्हणाले, तर फॉर्म भरण्याआधी घरी एकदा बसून बोला.