टर्कीचं मटण चवीला चिकनसारखंच लागतं का?

बरंचसं, पण ब्रॉयलर डोक्यात ठेवून खायला बसाल तर फसाल. आमच्या सांगलीकडं काहीजण शेतात गावरान कोंबड्यांबरोबर टर्कीपण पाळतात, तसलं खाल्लंय, चव गावरानच्या जवळची पण जरा उग्र, मांस घट्ट आणि रेषा जाड. ब्रॉयलर साधारण 6 आठवड्यांत 2 किलोचा होऊन कापला जातो, टर्कीचा नर 10 किलोच्या वरपण जातो, मग तेवढं कोवळं कुठनं लागणार.

छातीचा भाग पांढरा, चरबी जवळपास नाहीच, त्यामुळं जरा जास्त शिजला की चोथा, नुसता तोंडात फिरत राहतो. तोच करायचा असेल तर दही, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मांडी मात्र एक नंबर! पायाकडचं मांस गडद असतं, रश्श्याला तेच घ्या, फक्त तंगडीत टणक शिरा असतात त्या शिजल्यावर ओढून काढायच्या आणि वेळ चिकनपेक्षा बराच जास्त द्यायचा.

कांदा-लसूण मसाला दाबून घातला तर पाहुण्यांना फरक कळणारपण नाही, पण मग एवढी महागाची टर्की आणायची कशाला, चिकन काय वाईट आहे.