छोट्या रुळांवरची गाडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मॉडेल रेल्वेबद्दल आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. बरीच पत्रे डोंगर, झाडे आणि स्टेशनाच्या इमारतींबद्दल होती. ती मुद्दाम मागे ठेवली आहेत. गाडी आधी तासभर न अडखळता धावली पाहिजे. रूळ एकदा खडीत आणि गोंदात बसले की खालचा दोष शोधणे जिवावर येते.

प्रश्न: एचओ (१:८७) मापाची ८ बाय ४ फुटांची रेल्वे आहे, साधा डीसी कंट्रोलर आहे. पावसाळा लागला की गाडी ठरावीक दोन ठिकाणी मंदावते, कधी थांबते. रूळ रोज पुसतो. मल्टीमीटरवर सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात. मग दोष कुठे? (रत्नागिरी)

दोष जोडांत आहे, आणि मल्टीमीटर तुम्हाला फसवतो आहे. नुसता मल्टीमीटर लावला की त्यातून जवळजवळ प्रवाह जातच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडापलीकडेही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. इंजीन मात्र प्रवाह ओढते, आणि तो ओढला की जोडात व्होल्टेज पडते. म्हणून तपासणी भार लावून करा. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब घ्या. त्याला दोन वायरी जोडून टोके रुळांवर टेकवा आणि बल्ब पेटलेला असताना तिथेच व्होल्टेज मोजा. आधी कंट्रोलरच्या वायरी जिथे जोडल्या आहेत तिथे, मग एकेक जोड ओलांडत पुढे. ज्या जोडानंतर आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरेल, तो जोड गुन्हेगार. बल्ब गरम होतो, प्लास्टिकच्या स्लीपरवर ठेवू नका.

असे का होते? दोन रूळ जोडणारा जॉइनर म्हणजे पत्र्याची छोटी फिशप्लेट. ती रुळाला नुसती चिमटीत धरते. दमट, खारी हवा त्या फटीत शिरते, धातूवर थर चढतो आणि पकड सैल पडते. रूळ वरून कितीही पुसले तरी आतला थर तसाच राहतो.

जॉइनरवर विजेची जबाबदारी टाकूच नका. त्याने रूळ सरळ रेषेत धरावेत, एवढेच त्याचे काम. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर द्या. पाटाखाली १.५ चौरस मि.मी.च्या दोन वायरी सगळीकडे फिरवा, मागच्या रुळाची लाल आणि पुढच्या रुळाची काळी. त्यांतून ०.५ चौरस मि.मी.च्या वायरी वर आणा, प्रत्येकी वीतभरापेक्षा लांब नको. रुळाशेजारी २ मि.मी.चे भोक पाडून वायर वर काढा. रुळाची बाहेरची बाजू बारीक कानशीने चकचकीत होईपर्यंत घासा. आधी रुळाला, मग वायरीला सोल्डरचा पातळ थर द्या आणि दोन्ही एकत्र टेकवून तापलेले टोक दोन-तीन सेकंद लावा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर प्लास्टिक वितळत नाही. सोल्डर रोझिनवालेच घ्या. ॲसिडचा फ्लक्स लावलात तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच हिरवट बुरशीसारखा थर येईल.

रुळावर चुंबक लावूनही पाहा. चिकटला तर रूळ पोलादी आहेत. स्वस्त सुरुवातीच्या सेटमध्ये तसे असतात आणि कोकणात ते गंजणारच. निकेल सिल्व्हरच्या रुळाला चुंबक चिकटत नाही. बदलता आले तर बदलाच.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरे. पॉलिश पेपर नको. त्याच्या ओरखड्यांत काजळी आणखी घट्ट बसते. चाकांसाठी त्याच अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू दोन्ही रुळांवर आडवा पसरा. इंजिनाच्या एका बोगीची (म्हणजे खालच्या चाकांच्या एका गाड्याची) चाके त्यावर आणि दुसऱ्या बोगीची कोऱ्या रुळावर ठेवून हाताने इंजीन धरा आणि चाके फिरू द्या. टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतील. मग बोगी बदला.

प्रश्न: बहिणीने अमेरिकेहून मुलासाठी ट्रेन सेट आणला. घरच्या प्लगला लावू का? (नाशिक)

लावण्याआधी पॉवर पॅकच्या पाठीवरचे लेबल वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असेल तर पिन बदलून खुशाल लावा. नुसते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो काही क्षणांत जळेल. इलेक्ट्रिकच्या दुकानात २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, १०० व्हीएचा पुरेल. १२० नाही, ११० चाच मागा. आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्याने ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॅक जरा जास्त तापतो, आणि थोडे कमी व्होल्टेज त्याला मानवते.

सेट मार्कलिनचा तीन रुळी एसी पद्धतीचा असेल, म्हणजे स्लीपरच्या मधोमध धातूचे ठिपके दिसत असतील, तर त्याची इंजिने आणि डबे दोन रुळी डीसी मार्गावर ठेवू नका. त्यांच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये इन्सुलेशन नसते, ठेवताक्षणी शॉर्ट होते.

प्रश्न: वन बीएचके फ्लॅट आहे. कपाटावर १८० बाय ३० सें.मी.ची फळी एवढीच जागा. गोल फिरणारी गाडी बसत नाही, मग छंद सोडू का? (डोंबिवली)

मुळीच नाही. गोल फिरणाऱ्या गाडीला एचओत किमान ८० सें.मी. रुंदी लागते. एन मापात, म्हणजे १:१६० मध्ये, २४९ मि.मी. त्रिज्येचे वळण ६० सें.मी.च्या पाटावर बसते. तुमच्या फळीवर दोन्ही जमणार नाही. पण शंटिंग यार्ड, म्हणजे डबे पुढेमागे हलवून लावण्याची जागा, उत्तम जमेल, आणि आमच्या मते गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा त्यात मन जास्त काळ रमते.

ब्रिटनच्या ॲलन राइट यांची इंगलनुक ही रचना पाहा. दोन पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे), तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). एकीत पाच मालडबे मावतील, उरलेल्या दोनींत तीन-तीन. दुसऱ्या बाजूच्या लांब रुळावर इंजीन आणि तीन डबे. एकूण आठ डबे. आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने ते पाच डबे लांब साइडिंगवर लावायचे. असे ६,७२० क्रम होतात.

आता माप. आपल्या बॉक्सएन वाघिणीची (उघड्या मालडब्याची) कपलरसह, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यासह, लांबी १०.७ मीटर, म्हणजे एचओत सुमारे १२.३ सें.मी. पाच डब्यांना ६२, तीन डबे आणि २० सें.मी.च्या इंजिनाला ५७, दोन पॉइंटना प्रत्येकी २२. बेरीज १६३. दोन्ही टोकांचे बफर धरून तुमची फळी नेमकी पुरते. साइडिंगची लांबी मात्र काटेकोर ठेवा. तीनच्या साइडिंगवर चौथा डबा मावला तर कोड्यातली मजा गेली.

प्रश्न: ८ बाय ४ च्या प्लायवर बोरघाट करायचा आहे. एक मार्ग चढून दुसऱ्यावरून पुलाने जावा. चार डबे लावले की इंजिनाची चाके जागीच फिरतात. इंजीन कमी ताकदीचे आहे का? (पुणे)

इंजिनाला बोल लावण्याआधी चढ मोजा. कर्जत ते लोणावळा खरा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. एचओत खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत ७६ मि.मी. मोकळे हवेत, शिवाय पुलाची जाडी. एकूण ९० मि.मी. धरा. ३७ ला १ ने ९० मि.मी. चढायला ३.३३ मीटर लागतात आणि उतरायला तेवढेच. सपाटीवरून चढाला लागताना आणि माथ्यावर ३०-३० सें.मी.ची हळुवार कमान हवी, नाहीतर कपलर सुटतात. हिशोब साडेसात मीटरच्या पुढे जातो. तुमच्या पाटावर ५५ सें.मी. त्रिज्येचा वळसा सुमारे ५.९ मीटरचा होतो. म्हणजे तुमचा चढ नकळत ४ टक्क्यांवर गेला असणार.

त्यात वळणाची भर पडते. ढोबळ नियम असा की सेंटिमीटरमधल्या त्रिज्येने ८१ ला भागा; येईल तितके टक्के चढात मिळवा. ५५ च्या वळणावर दीड टक्का. खऱ्या घाटाचा २.७ टक्के चढही त्या वळणावर इंजिनाला ४.२ टक्क्यांसारखा, म्हणजे २४ ला १ जड जातो. खरी रेल्वेसुद्धा वळणावर चढ कमी करते, तो याचसाठी.

उपाय दोन. पहिला: एकच मार्ग ९० मि.मी. उचलू नका. एक ४५ वर न्या आणि दुसरा ४५ खाली. प्रत्येकाला चढायला १.६७ मीटर आणि उतरायला तेवढेच लागतात, कमानी धरून ५.९ मीटरमध्ये आरामात बसते. मात्र सलग प्लाय चालणार नाही. खाली पट्ट्यांची चौकट करा, मार्गापुरती १२ मि.मी. प्लायची पट्टी कापा आणि दर ३० सें.मी.वर तिला ठोकळ्याचा आधार द्या. ठोकळे आधी क्लॅम्पने धरा, चढ मोजा, मगच स्क्रू करा. मोजायला ३७ सें.मी.ची सरळ पट्टी घ्या, तिच्या एका टोकाखाली १ सें.मी.चा तुकडा चिकटवा, वर स्पिरिट लेव्हल ठेवा. तुकडा उताराकडे ठेवून बुडबुडा मध्यावर आला की चढ बरोबर ३७ ला १.

दुसरा उपाय इतिहासातला, आणि आम्हाला तोच जास्त आवडतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६३ मध्ये हा घाट खुला केला तेव्हा खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी डोंगराच्या धारेवरच्या स्टेशनात शिरायची, इंजीन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद झाले. मॉडेलमध्ये ही रचना सोन्यासारखी आहे. २४० सें.मी. लांबीत दोनदा चढता येते, चढ बहुतांश सरळ रुळावर असल्याने वळणाचा भार नाही, आणि इंजीन फिरवण्याचे खरे काम हाताला मिळते.

मागून ढकलणारे दुसरे इंजीन, म्हणजे बँकर, लावायचा मोह होईल. डीसीवर दोन इंजिनांचा वेग सारखा नसेल तर मागचे ढकलून वळणावर मधला डबा रुळाबाहेर काढते. दोन्ही इंजिने एकटी चालवून एकाच वळशाला लागणारी वेळ घड्याळावर ताडा. फरक दिसला तर बँकर नको.

प्रश्न: एलएचबी (नव्या पद्धतीचे लांब प्रवासी) डबे ४६ सें.मी. त्रिज्येच्या वळणावर का घसरतात? (नागपूर)

२३.५ मीटरचा डबा एचओत २७ सें.मी. होतो. डब्याच्या लांबीच्या अडीच पट त्रिज्या, म्हणजे सुमारे ६८ सें.मी., असेल तर तो भरवशाने चालतो. तिप्पट असेल तर दिसतोही बरा. ४६ वर डब्यांची टोके इतकी बाहेर झुकतात की कपलर शेजारच्या डब्याला रुळावरून ओढतो. कपलर बॉडीवर असेल तर तो बोगीवर बसवून पाहा. तरीही पटत नसेल तर २४.५ सें.मी.चे आयसीएफ (जुन्या पद्धतीचे) डबे थोडे सोपे जातात. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतरही कॅलिपरने मोजा. ते १४.४ ते १४.५ मि.मी. हवे. कमी असेल तर डबा फक्त पॉइंटवर घसरेल आणि तुम्ही विनाकारण पॉइंट बदलत बसाल.

प्रश्न: खडी म्हणून बांधकामाची क्रश सँड चाळून वापरली तर चालेल का? (सातारा)

चालेल, पण चाळण्याइतकेच चुंबक फिरवणे महत्त्वाचे आहे. आपल्याकडची क्रश सँड काळ्या बेसॉल्टची असते आणि त्या दगडात मॅग्नेटाइट असते. कागदावर वाळू पातळ पसरा, जोरदार चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर फिरवा. पिशवीला काळ्या कणांची दाढी येईल. पिशवी उलटी केली की कण आत पडतात, चुंबक स्वच्छ राहतो. दाढी येणे थांबेपर्यंत हे करा. ते कण रुळावर राहिले तर मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर घासून जाते. दाढी थांबतच नसेल, तर ती वाळू रस्त्यासाठी ठेवा आणि रुळात पांढरट ग्रॅनाइटचा चुरा रंगवून घाला.

माप: खरी खडी जास्तीत जास्त ६५ मि.मी.ची, एचओत पाऊण मि.मी. चहाच्या गाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती घ्या. धुऊन वाळवा. मऊ ब्रशने पसरून स्लीपरचे माथे मोकळे करा. अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे फवारून आधी खडी भिजवा. हे टाळले की गोंदाचा थेंब गोळा होऊन खडी वर उचलतो. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब असे मिश्रण ड्रॉपरने रुळांच्या मधोमध सोडा. रात्रभर हात लावू नका. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको. तिथे रंगच द्या.

प्रश्न: माथेरानची गाडी कोणत्या मापात करावी? (कर्जत)

१९०७ च्या या मार्गाचे रूळ दोन फुटी, ६१० मि.मी. १:७६ मापात ते ८ मि.मी. होतात. एन मापाचा ९ मि.मी. मार्ग त्याला सगळ्यात जवळचा, म्हणून एनचे इंजीन-तळ घेऊन वर १:७६ ची बॉडी बसवतात. एनचे साधे रूळ मात्र वापरू नका, त्यांचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात. नॅरो गेजसाठी वेगळे ९ मि.मी. रूळ मिळतात. खऱ्या मार्गावर २० ला १ चा चढ आहे, तो दोन-तीन डब्यांनाच झेपेल. डबे हलके ठेवा आणि वजन इंजिनात भरा.

प्रश्न: वळसा घेऊन गाडी त्याच मार्गावर परत आणली की शॉर्ट होते. (ठाणे)

वळशात उजवा रूळ फिरून डाव्याला जाऊन भिडतो, म्हणून. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा, एकूण चार काप, आणि फटीत प्लास्टिकचा तुकडा बसवा. मधला तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर धातूची चाके दोन्ही टोकांच्या फटी एकाच वेळी जोडतात. डीसीवर या तुकड्याला सहा पायांच्या टॉगल स्विचमधून वीज द्या. गाडी वळशात थांबवून मुख्य मार्गाची दिशा बदला, मग पुढे जा. डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजीन चालवण्याच्या पद्धतीत, दिशा आपोआप बदलणारा ऑटो रिव्हर्सर लावला की थांबावे लागत नाही. तो लावल्यावर मार्गावर जागोजागी दोन रुपयांचे नाणे आडवे ठेवा. प्रत्येक ठिकाणी कमांड स्टेशनने (डीसीसीच्या मुख्य यंत्राने) लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथल्या वायरी बारीक किंवा जोड सैल आहेत, आणि तिथे गाडी घसरली तर चाके आणि इंजिनातला संदेश वाचणारा डिकोडर जळतील.