वडील ६७ वर्षांचे आहेत, शेजाऱ्याच्या भांडणात साक्षीदार म्हणून पोलिसांनी फोनवर ठाण्यात बोलावलंय. जावंच लागेल का?

नाही. फोन पुरेसा नाही, लेखी आदेश मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ स्पष्ट आहे: साठीपुढचे पुरुष, १५ वर्षांखालील मुलं, स्त्रिया, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांचा जबाब त्यांच्या घरीच घ्यायचा. स्वतःहून जायचं असेल तर मुभा आहे. आपल्या कोल्हापुरात 'जरा येऊन जावा की काका' म्हटलं की माणूस लगेच चप्पल घालतो, तेवढं टाळा.

स्वतःवर गुन्हा शेकेल अशा प्रश्नाचं उत्तर देणं बंधनकारक नाही. तपासातल्या जबाबावर सहीही करायची नसते (कलम १८१). मात्र संशयित म्हणून कलम ३५(३) ची नोटीस आली, तर हजर राहा. नाहीतर अटक होऊ शकते. तेव्हा आधी वकील गाठा.