काकूंना विचारा : बँकॉकला राहायला जाणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मी बँकॉकमध्ये काढलेल्या माझ्या सोळा वर्षांबद्दल थोडं लिहिलं आणि पत्रं यायला लागली. काही इथूनच, बडोद्याच्या कारेलीबाग, मांजलपूर, प्रतापनगरमधून, तर काही थेट तिथल्या मुलामुलींची. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी सांगितलेलं आहे, पण स्वतःच्या पासपोर्टची पानं नीट कोणी वाचलेली नाहीत.

काकू, लग्नानंतर मी ह्यांच्याकडे बँकॉकला आले. माझ्या व्हिसावर एक तारीख आहे आणि विमानतळावरच्या शिक्क्यावर दुसरी. बिल्डिंगमधली एक ताई म्हणते, दर 90 दिवसांनी रिपोर्ट केला की आपोआप पुढचे 90 दिवस मिळतात. दुसरी म्हणते, नवऱ्याचं वर्क परमिट असलं की बायकोला काहीच करावं लागत नाही. खरं काय? — एक माहेरवाशीण, मूळ कारेलीबाग

बाळ, दोन्ही चूक. व्हिसावरची तारीख म्हणजे तोपर्यंत तुला देशात शिरता येतं. किती दिवस राहता येतं ते विमानतळावरचा शिक्का सांगतो. त्यात 'अनटिल' शब्दापुढे जी तारीख आहे ती तुझी. ती ओलांडलीस तर दिवसाला 500 बाथ दंड, जास्तीत जास्त 20,000. पैसे भरून सुटता येतं म्हणून लोक हे हलक्यात घेतात, पण नोंद राहते आणि पुढच्या अर्जाला ती आडवी येते.

90 दिवसांचा रिपोर्ट म्हणजे फक्त 'मी अजून याच पत्त्यावर आहे' हे इमिग्रेशनला कळवणं. त्याने मुदत एक दिवसही वाढत नाही. शेवटचं देशात आलीस त्या दिवसापासून मोजायचं. तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत जाता येतं, उशीर झाला तर 2,000 बाथ. मुदत वाढवायची तर वेगळा अर्ज, वेगळी फी, 1,900 बाथ. आणि घरमालकाने तुमची नोंद इमिग्रेशनकडे केली आहे का, ते आजच विचार. भाडेकरू परदेशी असेल तर 24 तासांत कळवणं कायद्याने मालकाचं काम आहे. कित्येक मालक करत नाहीत आणि तुमच्या अर्जाच्या दिवशी खिडकीवर अडायला होतं ते तुम्हाला.

आता दुसऱ्या ताईचं. हेच वाक्य मलाही कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते खरं धरलं होतं. 2009 साली रात्री अकराला बडोद्याहून फोन आला, आई गेली. लेकीची परीक्षा होती म्हणून हे थांबले, मी पहाटेच्या विमानाने एकटी निघाले. तेरावं करून परतले. काउंटरवरच्या अधिकारी बाईंनी पानं उलटली, वर्षभराच्या मुदतवाढीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. म्हणाल्या, 'कॅन्सल.' री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देश सोडला की मुदतवाढ त्याच दिवशी रद्द होते. त्याच पानावर, माझ्या मुदतवाढीच्या शेजारी, इंग्रजीत छापलेलं होतं की देश सोडण्याआधी री-एंट्री परमिट घ्या. आठ महिने ते पान माझ्या पर्समध्ये होतं. मी एकदाही वाचलं नव्हतं.

मग थोड्या दिवसांची परवानगी, लाओसच्या राजधानीत, व्हिएन्तियानला, जाऊन नवा व्हिसा, सगळं पहिल्यापासून. आई गेल्याचं रडू मला त्या वकिलातीच्या बाकावर आलं, घरी नाही. म्हणून तुला सांगते, एका वेळचं परमिट 1,000 बाथ आणि अनेक वेळांचं 3,800. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघतानासुद्धा मिळतं, त्याची वेगळी खिडकी आहे. मुदतवाढ मिळाली की त्याच आठवड्यात अनेक वेळांचं काढून ठेव. घरून येणारा फोन वेळ सांगून येत नाही.

मुलाला बँकॉकमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी लागली आहे. मुलाखत मोबाइलवर झाली. तिकीट कंपनी देते, पगार इथल्या तिप्पट. 'व्हिसाशिवाय या, कागद इथे करू' म्हणतात. उतरल्यावर गाडी 'माए सोत'ला नेईल. मंडळात कोणी म्हणतं लगेच पाठवा, कोणी म्हणतं थायलंडला जाणारे सगळे विकले जातात. — एक आई, मांजलपूर

ताई, पाठवू नका. सगळे विकले जात नाहीत. माझ्या ओळखीची कितीतरी मुलं तिथे सुखाने नोकरी करतात. पण तुमच्या पत्रातलं एक नाव वाचून माझ्या हातापायांतलं बळ गेलं. माए सोत हे ताक प्रांतातलं सीमेवरचं गाव. मोएई नदी ओलांडली की पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. तिथल्या कुंपणाआड कोंडून मुलांकडून फोनवर आणि संगणकावर लोकांना लुबाडण्याचं काम करून घेतात. पासपोर्ट काढून घेतात. मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून दोन दिवसांत 549 जणांना परत आणलं. त्यांतल्या कितीतरी मुलांना असंच थायलंडमधल्या चांगल्या नोकरीचं आमिष दाखवलेलं होतं. बँकॉकच्या ऑफिसात काम असलेल्या मुलाला विमानतळावरून कित्येक तासांच्या रस्त्याने सीमेवर कोण नेईल?

खरी नोकरी कशी असते तेही सांगते. कंपनी आधी कागद पाठवते, त्यावर आपण इथूनच नोकरीचा व्हिसा काढतो. जानेवारी 2025 पासून तो अर्ज ऑनलाइन होतो. तिथे पोचल्यावर वर्क परमिट निघतं आणि ते निघाल्यावरच कामाला हात लावायचा. नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळायला लागला तो हिंडायला, नोकरीला नाही. परमिटशिवाय काम करताना सापडलं तर 5,000 ते 50,000 बाथ दंड आणि परत पाठवणी. एजंट मध्ये असेल तर त्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांत आहे का, ते मुलाला तुमच्यासमोर बघायला सांगा. मुलगा दहावी पास नसेल आणि पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असेल तर थायलंडला नोकरीसाठी सरकारची मंजुरीही लागते.

त्याच्याशी भांडू नका. पोराला तिप्पट पगार दिसतोय, त्याचं मन मोडेल. जवळ बसवा, नकाशा उघडा आणि त्याच्याच बोटाने माए सोत शोधायला लावा. तरी ऐकेना, तर माझ्याकडे घेऊन या. दांडिया बाजारात कोणालाही विचारा, घर सांगतील.

तिथल्या राजाबद्दल काही बोललं तर तुरुंगात टाकतात, ही अफवा ना? — एक कॉलेज विद्यार्थी

अफवा नाही. दंडसंहितेचं कलम 112, राजघराण्याच्या अपमानाला 3 ते 15 वर्षं. ते परदेशी माणसालाही लागू आहे आणि फोनवर लिहिलेल्यालाही. नोटांवर राजाचं चित्र असतं, पडलेली नोट पायाने दाबून धरू नकोस. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागलं की चालता चालता थांब. आणि ई-सिगरेट असेल तर इथेच ठेवून जा, तिथे बंदी आहे.

सासूबाई चातुर्मास पाळतात, कांदा-लसूण नाही. तीन महिने आमच्याकडे येणार आहेत. इथे 'व्हेज' म्हटलं तरी मासळीचा वास येतो. — एक सूनबाई, सध्या बँकॉक

'व्हेज' म्हणूच नका. त्यांच्या लेखी मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे व्हेज, आणि माशाचं पाणी, 'नाम प्ला', आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं. 'जे' म्हणा. ते बौद्ध व्रताचं जेवण. मांस, मासळी, अंडं, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात, लांबून इंग्रजी 17 लिहिल्यासारखी दिसतात. तो झेंडा दिसला की निर्धास्त बसा. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा नऊ दिवसांचा 'जे'चा सण असतो, तेव्हा गल्लोगल्ली मिळतं. सासूबाईंना दुधाचा चहा मात्र घरीच करून द्या. तूरडाळ, हिंग, पोहे पाहुरातला, म्हणजे बँकॉकच्या भारतीय बाजारात, मिळतात, त्याचं ओझं इथून नेऊ नका. लीलो चेवडो न्या.

ऑफिसात माझ्यामागे मला 'खॅक' म्हणतात. सहकारी सांगतात, ही शिवी आहे. फार लागतं मनाला. — एक वाचक, सध्या चोनबुरी

'खॅक' म्हणजे मुळात पाहुणा. भारतीय, अरब, मलय, सगळ्यांना तोच शब्द. काही तोंडांतून तो बोचरा येतो हे खरं आहे, मी ऐकलाय, आणि तुम्हाला लागलं ते खोटं नाही. पण शिवी समजून प्रत्येकाशी तुटू नका. थाई माणसं आपल्यासारखीच वयावरून हाक मारतात. मोठ्याला 'पी', धाकट्याला 'नोंग'. तुम्ही आधी सुरुवात करा. वयाने मोठा असेल त्याला नावाआधी 'पी' लावा, आणि आपलं नाव दोन अक्षरांचं करून सांगा, त्यांना लांब नावं जमत नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाली बसायची. पहिलं वर्षभर तिच्या लेखी मी 'ती खॅक' होते. मी तिला 'पी' म्हणायला लागले. ती माझी कोथिंबिरीची जुडी बाजूला काढून ठेवू लागली, देठ ओल्या कागदात गुंडाळून. आम्ही घर आवरून निघालो त्या सकाळी तिने पैसे घेतले नाहीत. तिच्या नातीला पुढे करून म्हणाली, 'पाच्या पाया पड.' पा म्हणजे मावशी.